एक खेळ, अनेक प्रती



कोल्हापुरात इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे पन्हाळा येतो, ताराराणी येतात, राजर्षी शाहू येतात. आजच्या माझ्या विषयात यांपैकी कोणीही नाही. व्याख्यानमालेच्या चालकांना मी विषय कळविला, तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि मग मोठ्या सौजन्याने विचारले, "सर, हा विषय इतिहासातच बसतो ना?" मी त्यांना म्हणालो, "बसतो की नाही, ते ऐकून झाल्यावर श्रोत्यांनाच विचारू." तेव्हा हा निवाडा मी आपणांवर सोपविला आहे.

विषय आहे व्हिडिओ गेमचा. घरात मुले मोबाईलवर खेळतात तो नव्हे, त्याचा आजा. पंचवीसतीस वर्षांपूर्वी आपल्या पेठांतून, एस. टी. स्टँडच्या आसपास, एखाद्या अरुंद गाळ्यात कपाटाएवढी लाकडी यंत्रे उभी असत. वर काच, काचेमागे चित्र, खाली एक दांडा आणि सहा बटणे. नाणे किंवा टोकन टाकावयाचे आणि ते संपेपर्यंत जग विसरावयाचे. आपणांपैकी काहींनी तेथे पैसे घालविले असतील. काहींनी तेथून मुलांना कान धरून घरी आणले असेल. मी दुसऱ्या वर्गातला. शाळेत इतिहास शिकविणाऱ्या माणसाला ते गाळे म्हणजे अभ्यासाचे शत्रू वाटत. आज त्याच गाळ्यांचा इतिहास सांगावयास मी उभा आहे, यात थोडेसे प्रायश्चित्तही आहे. ते का, ते ओघाने सांगतो.

माझा एक भाचा आहे. लहानपणी तो त्या गाळ्यांत पडलेला असे; आता नोकरी करतो आणि रात्री तेच खेळ संगणकावर जमवितो. एके दिवशी तो माझ्याकडे आला. संग्रह काही हजार फायलींचा झाला होता. तो म्हणाला, "मामा, तुम्ही कागदपत्रांची वर्गवारी शिकविता. मला सांगा, एकाच खेळाच्या माझ्याकडे आठ आठ, दहा दहा प्रती आहेत. एक जपानची, एक अमेरिकेची, एक युरोपची, एक आशियाची, एक 'वर्ल्ड' म्हणून. यातले ठेवू काय आणि काढू काय?" मी चष्मा पुसला आणि अधिकारवाणीने सांगून टाकले, "अरे, खेळ एकच ना? मग जी जगासाठी काढली ती 'वर्ल्ड' प्रत ठेव, बाकीची अडगळ काढून टाक." मामांचा शब्द म्हणून त्याने त्या रात्री निम्म्याहून अधिक संग्रह पुसून टाकला.

हा सल्ला चुकीचा होता. तो चुकीचा का होता, हे समजण्यासाठी प्रथम ती यंत्रे म्हणजे काय होती ते पाहिले पाहिजे.

त्या लाकडी कपाटाच्या पोटात एक मोठा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असे. त्यावर काही चिपा, आणि त्या चिपांत त्या खेळाच्या आज्ञा, चित्रे व ध्वनी कायमचे कोरलेले. अशा चिपेस रॉम म्हणतात. कारखान्यातून निघालेला बोर्ड म्हणजे त्या खेळाचे छापलेले पुस्तकच. पण कागद जसा पिवळा पडतो तशा चिपाही म्हाताऱ्या होतात. म्हणून काही हौशी अभियंत्यांनी युक्ती काढली. चिपांतील मजकूर उतरवून घ्यावयाचा, आणि त्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम आजच्या संगणकावर लिहावयाचा. त्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. संगणक काही काळ बहुरूपी होतो आणि जुन्या यंत्राचे सोंग वठवितो, असे म्हणा. यांपैकी सर्वांत नावाजलेला प्रोग्राम 'मेम' या नावाचा. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने १९९७ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि पुढे जगभरच्या शेकडो लोकांनी त्यात भर घातली. ही जुनी यंत्रे कशी चालत याची नोंद राहावी, हा आपला मुख्य हेतू असल्याचे ते सांगतात. खेळता येणे हा त्यांच्या मते आनुषंगिक लाभ. हे वाक्य मी वाचले तेव्हा प्रथम माझे कान टवकारले. ही दफ्तरखान्याची भाषा आहे.

आता प्रती अनेक का झाल्या? याचे उत्तर व्यापाराच्या इतिहासात आहे. १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ काढला. अमेरिकेत तो मिडवे या कंपनीने परवान्याने विकला. म्हणजे आरंभापासूनच एक खेळ, दोन देश आणि दोन विक्रेते. १९८० साली नामको कंपनीने एक खेळ काढला. पिवळा वाटोळा प्राणी तोंड उघडमीट करीत ठिपके खात सुटतो, तो. जपानात त्याचे नाव 'पक-मॅन' असे होते. अमेरिकेत नेताना विक्रेत्यांना भीती वाटली, की टवाळ पोरे यंत्रावरच्या नावाचे पहिले अक्षर थोडे खरवडून त्याचा अश्लील शब्द करतील. म्हणून नाव बदलून 'पॅक-मॅन' केले. आज सारे जग त्याला या दुसऱ्या नावाने ओळखते. 'मेम'च्या यादीत मात्र मूळ प्रत म्हणून 'पक-मॅन'ची नोंद आहे आणि जगप्रसिद्ध 'पॅक-मॅन' तिच्याखाली उपप्रत म्हणून लागला आहे. कीर्ती आणि वंशावळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास नव्याने सांगावयास नको.

देशपरत्वे आणखीही फरक पडत. भाषा बदले. कोठे रक्त दाखविणे चालत नसे. कोठे खेळ अवघड केला जाई, कारण नाणी लवकर संपली पाहिजेत. जपानी प्रत सुरू होताना पडद्यावर ताकीद येई, की हा खेळ केवळ जपानात वापरण्यासाठी आहे. ही ताकीद दख्खनच्या एखाद्या गाळ्यात, ती वाचता न येणाऱ्या दहा वर्षांच्या पोरांसमोर रोज शंभर वेळा झळकत असेल, हे ती लिहिणाराच्या स्वप्नातही आले नसेल!

या प्रती लावावयाच्या कशा, याचे शास्त्र हौशी लोकांनीच तयार केले आहे आणि ते आपल्या पोथीशास्त्राशी विलक्षण जुळते. प्रत्येक खेळाची एक मूळ प्रत मानतात. तिला ते 'पेरेंट' म्हणतात. बाकीच्या तिच्या 'क्लोन', म्हणजे उपप्रती. नावापुढे कंसात प्रदेश लिहितात आणि पुष्कळदा सहा अंकांत तारीखही. '९३०२०१' असे दिसले तर ९३ हे वर्ष, ०२ हा महिना, ०१ हा दिवस; म्हणजे १ फेब्रुवारी १९९३. हे एकदा कळले की कोणती प्रत आधीची आणि कोणती मागाहून सुधारलेली, ते लावता येते. हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर लेखनाचा शक आणि मिती शोधतो, तसाच हा प्रकार.

येथे एक मेख आहे, ती संग्रह लावू पाहणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवावी. जागा वाचावी म्हणून उपप्रतीच्या फायलीत पुष्कळदा फक्त वेगळा असलेला भागच ठेवतात. चित्रे आणि आवाज मूळ प्रतीच्या फायलीतून घेतले जातात. तेव्हा 'मला फक्त जपानी हवी' म्हणून कोणी मूळ प्रत काढून टाकली, तर जपानीही उघडत नाही. नातवास ठेवून आज्यास घराबाहेर काढले, आणि मग कळले की घराच्या किल्ल्या आज्याच्याच कनवटीला होत्या, असे होते.

कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ पासून जे बोर्ड काढले, त्यांत तर प्रदेश डोळ्यांनीच दिसे. बोर्डाच्या प्लास्टिकच्या पेटीचा रंग देशानुसार ठरलेला होता. जपानसाठी हिरवा, अमेरिका व युरोपसाठी निळा, आशियातील इतर देशांसाठी करडा, दक्षिण अमेरिकेसाठी नारिंगी. त्याच पेटीत एक छोटी बॅटरी असे. खेळाच्या आज्ञा कूटलिपीत असत आणि त्या कूटाची किल्ली त्या बॅटरीच्या जिवावर टिके. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि बोर्ड मुका होई. कूटलिपी हेतुतः केलेली, नक्कल होऊ नये म्हणून. परंतु काळाने त्या कुलपाचे फाशीत रूपांतर केले. ते कूट हौशी लोकांनी पायरीपायरीने उलगडले आणि २००७ मध्ये त्याची पूर्ण रीत हाती आली. ती आली नसती, तर त्या पेट्यांचे रंग तेवढे उरले असते.

उलट एस. एन. के. या कंपनीच्या १९९० च्या 'निओ जिओ' यंत्राची रीत निराळी. तेथे खेळाची कॅसेट साऱ्या जगासाठी एकच. कोणत्या देशात आहोत ते यंत्राच्या अंगची चिप सांगे, आणि तीच कॅसेट येथे जपानी बोले, तेथे इंग्रजी. असल्या खेळांच्या फायली देशवार वेगळ्या करू म्हटले तर करता येत नाहीत. भेद पोथीत नसून वाचणाराच्या चष्म्यात आहे. वर्गवारी करणाराने हे ओळखले नाही, तर नसलेल्या प्रती शोधण्यात त्याचा जन्म जावयाचा.

आता सहजच प्रश्न येतो, की या साऱ्या वाटणीत आपण कोठे? हिरवा, निळा, करडा, नारिंगी झाला. भारतासाठी वेगळा रंग नव्हता. आपल्याकडे आलेले बोर्ड बहुधा कोणा दुसऱ्यासाठी काढलेले, हातोहात फिरत आलेले. आणि पुष्कळसे तर परवान्यावाचून केलेल्या नकला. यादीत आपले नाव नाही, म्हणून आपला इतिहासही नाही काय? याचे उत्तर आपल्या पोरांनी आपल्या पद्धतीने देऊन ठेवले आहे. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' हा खेळ कोणाला त्या नावाने आठवतो? कोणालाही नाही. त्यात चार वीर होते आणि त्यांपैकी मुस्तफा नावाचा एक. आपल्या देशातील पोरांनी सबंध खेळालाच 'मुस्तफा' म्हटले, आणि आजही त्या पिढीचा माणूस तेवढ्या एका शब्दाने हसू लागतो. ज्या मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवरून तो खेळ बेतला, त्यांना आपल्या एका पात्राचे नाव येथे गल्लोगल्ली खेळाचे नाव होऊन बसेल असे वाटले असेल काय? कोणत्याही अधिकृत प्रतीवर हे नाव नाही. तरीही मी त्याला एक प्रादेशिक आवृत्तीच समजतो. फक्त ती चिपेत उतरलेली नाही, तोंडी आहे.

आता माझ्या सल्ल्याचे काय झाले ते सांगतो. भाच्याचा एक बालमित्र पुण्याहून सुटीत आला. दोघे कोल्हापुरातच वाढलेले, परंतु एकाची पेठ एक, दुसऱ्याची दुसरी. म्हणून खेळण्याचे गाळेही वेगळे. बोलता बोलता 'स्ट्रीट फायटर टू' या कुस्तीवजा खेळावरून वाद लागला. त्यात हातात मोठाले मोजे घातलेला एक मुष्टियोद्धा येतो. भाचा म्हणाला, त्याचे नाव बॅलरॉग. मित्र म्हणाला, "छ्या! बायसन! डोळ्यांनी बघितलंय मी, पट्टीवर लिहिलेलं असायचं." पैज लागली मिसळीची आणि पंच नेमले मला. संगणक उघडला. 'वर्ल्ड' प्रत लावली. मुष्टियोद्धा आला आणि त्याच्या नावाच्या पट्टीवर स्पष्ट 'बॅलरॉग'. मी निकाल दिला. एवढ्यावर थांबलो नाही. त्या बिचाऱ्यास दहा मिनिटे स्मृतीच्या अविश्वसनीयतेवर व्याख्यान दिले. मनुष्य जे आठवतो असे म्हणतो ते पुष्कळदा त्याने मागाहून रचलेले असते, वगैरे. त्याने मिसळीचे पैसे निमूटपणे दिले. जाताना मात्र म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण आमच्या गाळ्यात बायसनच होता."

ते वाक्य मला टोचत राहिले. कारण त्यात खोटेपणाचा सूर नव्हता. चार दिवसांनी भाच्याला एका जुन्या डिस्कवर, पुसण्यापूर्वीच्या संग्रहातील काही प्रती सापडल्या. त्यांत १९९१ च्या त्या खेळाची जपानी प्रत होती. ती लावली. मुष्टियोद्धा आला आणि पट्टीवर रोमन अक्षरांत 'एम. बायसन'!

प्रकार असा होता. जपानी प्रतीत मुष्टियोद्ध्याचे नाव बायसन होते. हा योद्धा माईक टायसन या प्रख्यात मुष्टियोद्ध्यासारखा दिसतो आणि नावही जवळचे, तेव्हा अमेरिकेत दावा लागेल, अशी कंपनीला धास्ती वाटली. म्हणून परदेशी प्रतींत तीन नावांची फेरपालट केली. मुष्टियोद्ध्यास बॅलरॉग म्हटले. ज्याचे नाव बॅलरॉग होते त्या पंजेवाल्यास वेगा. आणि वेगा नावाच्या हुकूमशहास एम. बायसन. म्हणजे दोन्ही मित्र खरे बोलत होते. त्यांनी दोन वेगळ्या प्रती पाहिल्या होत्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की एका पोराच्या आठवणीतील एका नावावरून, आपल्या गावातल्या एका गाळ्यात जपानी बोर्ड, किंवा जपानी बोर्डावरून केलेली नक्कल, लागली होती असे अनुमान निघते. त्या गाळ्याच्या मालकांना आम्ही शोधून काढले. त्यांनी यंत्रे केव्हाच भंगारात दिली होती. वही नाही, पावती नाही. गावाच्या त्या लहानशा इतिहासाचा एवढा एकच पुरावा उरला होता, एक आठवण. आणि ती पडताळून पाहण्याचे एकच साधन होते, ती जपानी प्रत. ती मी अडगळ म्हणून पुसावयास सांगितली होती! चाळीस वर्षे साधनांचे महत्त्व शिकविणाऱ्या माणसाने साधन नष्ट केले आणि वर साक्षीदारास खोटे ठरविले. आरंभी मी प्रायश्चित्ताचा शब्द वापरला तो याचसाठी.

श्रोतेहो, ही चूक खेळापुरती असती तर मी आपला वेळ घेतला नसता. कोल्हापूरकरांस ही चूक महागात पडलेली आहे, आणि ती खेळाच्या नव्हे, चित्रपटाच्या बाबतीत. १९२९ साली याच गावात व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ साली तिने पहिला मराठी बोलपट दिला, 'अयोध्येचा राजा'. त्याचीच हिंदी प्रत 'अयोध्या का राजा'. त्या काळी एका भाषेतल्या चित्रावर दुसऱ्या भाषेचा आवाज चढविण्याची सोय नव्हती. म्हणून तोच देखावा, तोच पोशाख, तेच गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे. परंतु मराठीत निराळा आणि हिंदीत निराळा अभिनय करावयाचा, निराळे चित्रण करावयाचे. म्हणजे ही प्रादेशिक आवृत्तीच! शब्द तेवढे वेगळे असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. स्वरांचा उतार वेगळा, थांबणे वेगळे, क्वचित पात्रे देखील वेगळी. प्रभात १९३३ मध्ये पुण्यास गेली आणि तेथे १९४१ साली तिने 'शेजारी' काढला, हिंदीत 'पडोसी'. मराठीत जिवबा पाटील झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदीत मिर्झा जागीरदारच. परंतु हिंदू शेजारी ठाकूर झाले मझहर खान. हिंदू-मुसलमान मैत्रीच्या चित्रात हिंदू माणसाची भूमिका मुसलमान नटाने आणि मुसलमानाची हिंदू नटाने करावी, हा अर्थ फक्त हिंदी प्रतीत आहे. मराठीत तो नाही. आता कोणी म्हणाले की 'चित्र एकच, एक प्रत पुरे', तर कोणता 'शेजारी' आपण गमवावयास तयार आहोत?

परदेशातही हेच. १९३१ साली हॉलिवूडमध्ये 'ड्रॅक्युला' निघाला. दिवसा इंग्रजी चित्राचे काम चाले आणि रात्री त्याच देखाव्यांत दुसऱ्या नटांना घेऊन स्पॅनिश प्रत चित्रित होई. ती दुय्यम समजली गेली आणि विस्मृतीत पडली. पुढे तिच्या एका प्रतीतले गहाळ झालेले रीळ क्युबात मिळाले, चित्र पुरे झाले, आणि आज अनेक जाणकार म्हणतात की कॅमेऱ्याच्या कामात ही रात्रीची प्रत दिवसाच्या प्रतीपेक्षा सरस आहे. इंग्रजी प्रत पाहून हे कोणास कधीही कळले नसते.

आपल्याकडे काय उरले? बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची १९२० ची 'सैरंध्री' आज आपणांस पाहावयास मिळत नाही. १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, ही मोठी गोष्ट झाली; परंतु २००३ च्या जानेवारीत पुण्यात त्याच संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्यास आग लागली आणि जुनी रिळे भस्मसात झाली. आगीवर कोणाचा ताबा नसतो, हे खरे. परंतु आगीच्या पुष्कळ आधी 'याची एक प्रत आहेच की' हे वाक्य उच्चारले गेलेले असते. आग नंतर येते. निष्काळजीपणा आधीच येऊन बसलेला असतो.

मग सारेच ठेवावयाचे काय? हा आक्षेप न्याय्य आहे आणि तो टाळून चालावयाचे नाही. खेळणाऱ्याला दहा प्रती नको असतात. त्याला एक चांगली चालणारी प्रत हवी असते. संग्राहकांत 'एक खेळ, एक प्रत' असा एक पंथही आहे. प्रदेशांचा पसंतीक्रम आधी ठरवावयाचा आणि त्या क्रमाने मिळेल ती पहिली प्रत ठेवावयाची. यात गैर काही नाही. फक्त ही निवड वाचकाची आहे, ग्रंथपालाची नव्हे. आणि याचा मार्ग महाराष्ट्रातच घालून दिलेला आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि १९६६ साली तिची संहिता पूर्ण केली. १९२५ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी हा डोलारा सांभाळला. त्यांच्यापुढे बाराशेंवर पोथ्यांचा प्रश्न होता आणि त्यांची पहिली पायरी होती प्रादेशिक वर्गवारी! उत्तरेच्या पोथ्या एकीकडे, दक्षिणेच्या दुसरीकडे. आणि मग लिपीप्रमाणे शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. कारण पोथी ज्या लिपीत उतरली, त्या प्रदेशाच्या परंपरेचा रंग तिच्यावर चढतो. त्यांनी त्यांतून एक संहिता वर छापली. परंतु बाकीचे पाठ त्यांनी जाळले काय? नाही. ते सारे त्याच पानावर तळटीपांत दिले. जे फार मोठे, ते परिशिष्टांत दिले. ज्याला संपादकाचा निर्णय पटत नाही, त्याला त्याच पुस्तकातून तो खोडून काढता यावा. यालाच मी विद्येचा सचोटीपणा म्हणतो. निवड करा, परंतु नाकारलेले टाकू नका. वर एक, खाली सर्व.

भाच्याला मी आता हाच मार्ग सांगितला आहे. खेळण्याच्या फळीवर प्रत्येक खेळाची एक प्रत. तिच्यामागे दुसरी फळी. तीत प्रदेश आणि तारीख लावून साऱ्या प्रती, परवान्यावाचून केलेल्या नकलाही, त्यांवर तसे स्पष्ट लिहून. कारण आपल्या गावात कोणता माल फिरत होता, हे सांगावयाचे तर या नकला वगळून सांगता येणार नाही. आणि तिसरी एक वही. कोणाला कोणत्या पेठेत, सुमारे कोणत्या साली, कोणत्या नावाने कोणता खेळ आठवतो, ते त्याच्याच शब्दांत. 'मुस्तफा' हे नाव त्या वहीत जावयाचे आहे.

येथे कायद्याचा एक शब्द बोलणे माझे कर्तव्य आहे. एम्युलेटर हा प्रोग्राम निराळा आणि त्यात लावावयाचा खेळ निराळा. 'मेम' २०१६ पासून खुल्या परवान्याने उपलब्ध आहे; परंतु खेळांचे हक्क अद्याप त्या त्या कंपन्यांकडे आहेत, आणि काही कंपन्या आपले जुने खेळ पुन्हा विकतही आहेत. जे विकत मिळते ते विकत घ्यावे. जे कोठेच मिळत नाही आणि ज्याचा बोर्ड मरणपंथास लागला आहे, त्याचे जतन कोणी आणि कोणत्या अधिकाराने करावयाचे, हा प्रश्न कायदेमंडळांनी आणि ग्रंथालयांनी मनावर घ्यावयाचा आहे. एका घरच्या संगणकावर सोडून देण्याजोगा तो नाही.

माझे व्याख्यान संपले. शेवटी एक निवेदन करतो. पुण्याच्या त्या गृहस्थांना मी पत्र पाठविले. त्यात माझा निकाल मागे घेतला आणि स्मृतीवरचे माझे व्याख्यानही परत घेतले. ते गुढीपाडव्यास कोल्हापुरात आले होते. मिसळीचे पैसे या वेळी मी दिले. आणि आपणांपैकी ज्यांना त्या गाळ्यांची आठवण असेल, त्यांनी बाहेर दाराशी माझा भाचा वही घेऊन बसला आहे, त्याच्याकडे ती लिहून द्यावी. आठवण चुकीची असेल अशी शंका आली, तरी द्यावी. ती चुकीची की आपली प्रत अपुरी, ते मागाहून पाहता येईल.